भिडेखातर घेतलेली बाटली

२०१३ च्या भाऊबीजेला ताईने ओवाळलं, मी ताटात पाकीट ठेवलं, आणि पाटावरून उठतोय तोच दाजींनी माझ्या हातात एक तपकिरी बाटली दिली. खोकल्याच्या औषधाची असते तेवढीच. आत पातळ, किंचित लालसर काहीतरी होतं. "वास घे," म्हणाले. घेतला. रॉकेलमध्ये कापूर कुस्करल्यासारखा वास होता.

"पन्नास लिटर डिझेलला ही एक बाटली. अण्णांच्या टेम्पोचं ॲव्हरेज पंधरा टक्क्यांनी वाढणार. लिहून घे माझ्याकडून."

दाजींबद्दल आधी सांगायला हवं. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी त्यांनी भरली होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. आमच्या घरी कुणी न मागता. सूतगिरणीत सतरा वर्षं काम केलं, गिरणी बंद पडली, शेवटच्या काही महिन्यांचे पगार बुडाले, तरी कुणाकडे हात पसरला नाही. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. अशा माणसाने बाटली हातात दिल्यावर तिची किंमत विचारायलाही जीभ रेटत नाही.

किंमत होती ३६० रुपये. कंपनीच्या विक्रीच्या साखळीत शिरायचं, म्हणजे 'जॉइनिंग' करायचं, तर बारा बाटल्यांचा खोका घ्यायचा. अण्णांनी खोका घेतला. माझ्या देखत, पाकिटातल्या नोटा दोनदा मोजून. अण्णांनी उभ्या आयुष्यात डिझेलमध्ये डिझेलखेरीज काही घातलेलं नव्हतं, आणि खोका त्यांनी गाडीसाठी घेतला नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. जावयाला नाही कसं म्हणायचं, एवढ्यासाठी घेतला.

ते वर्षही तसंच होतं. पेट्रोलचे दर २०१० च्या जूनमध्ये खुले झालेले, आणि जानेवारी २०१३ पासून डिझेलही दर महिन्याला पन्नास पैशांच्या आसपास वाढू लागलेलं. आमच्याकडे लिटर साठच्या घरात आलं होतं. अण्णांचा टेम्पो दुधाचा. पहाटे चारला निघायचं, सात गावांतून कॅन उचलायचे, शीतकरण केंद्रावर पोचवायचे, संध्याकाळी पुन्हा तेच. रोज एकशेवीस किलोमीटर, दहा लिटर डिझेल. भाडं ठरलेलं, डिझेल मात्र दर महिन्याला वर. ॲव्हरेज वाढवून देतो म्हणणारा माणूस अशा घरात देवासारखा वाटतो. हे खोके विकणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

त्याच आठवड्यात दाजी मला एका मंगल कार्यालयात घेऊन गेले. आत दीड-दोनशे माणसं. बरीचशी जोडप्याने आलेली, इस्त्रीच्या कपड्यांत. स्टेजवर टेबल, टेबलावर दोन स्टीलच्या वाट्या. दोन्हींत डिझेल आणि कापसाची वात. एका वाटीत त्या बाटलीतले दहा थेंब. दोन्ही वाती पेटवल्या आणि वर एकेक पांढरी बशी धरली. एक बशी कोळशासारखी काळी झाली, दुसरी जेमतेम करडी. टाय लावलेल्या माणसाने दोन्ही बशा पहिल्या रांगेतून फिरवल्या. एका आजोबांनी बोटाने काजळी पुसून बोट धोतराला लावलं आणि मान डोलावली. टाळ्या पडल्या. "ही काजळी म्हणजे तुमचे न जळलेले पैसे आहेत," तो माणूस म्हणाला.

मी इंजिनिअर. तरी दोन मिनिटं मीसुद्धा त्या बशीकडे बघत राहिलो, कारण डोळ्यांना दिसलेलं खोटं कसं म्हणायचं? बशी खरंच कमी काळी झाली होती. मग परतीच्या वाटेवर हळूहळू उलगडत गेलं. वातीच्या उघड्या ज्योतीला हवा कमी पडते, म्हणून ती काजळी धरते. त्यात थोडं दुसरं द्रावण पडलं की ज्योतीचा रंगढंग बदलतो. इंजिनात वात नसते. तिथे दाबून तापवलेल्या भरपूर हवेत डिझेलचा अगदी बारीक फवारा उडतो, आणि धडधाकट इंजिनात शंभरातलं अठ्ठ्याण्णव भागांहून जास्त इंधन जळून जातं. जुना टेम्पो चढावर काळा धूर सोडतो, तो डोळ्यांत भरतो, पण त्या धुरात वाया जाणारं इंधन वजनाने शेकड्यात एक भागही नसतं. जिथे जास्तीत जास्त दोन टक्के न जळता राहतात, तिथे "पूर्ण ज्वलन" करून पंधरा टक्के कुठून आणणार?

मग पैसा जातो कुठे? जातो, आणि भरपूर जातो. साधारण गाडीत इंधनातली फार तर पंचवीस-तीस टक्के ताकद चाकांपर्यंत पोचते. बाकीची रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते, थोडी घर्षणात झिजते. ही उष्णता म्हणजे न जळलेलं डिझेल नव्हे. ते जळलेलंच असतं. उष्णतेवर चालणाऱ्या कुठल्याही यंत्राला काही भाग बाहेर टाकावाच लागतो, हे सादी कार्नो या तरुण फ्रेंच इंजिनिअरने १८२४ मध्ये मांडलं, आणि तो हिशेब आजवर कुणाला मोडता आलेला नाही. त्यातून वाट काढायची तर इंजिनाची घडण बदलावी लागते. त्यावर मोठमोठ्या कंपन्यांचे हजारो लोक एकेका टक्क्यासाठी वर्षानुवर्षं खपतात.

आणखी एक गोष्ट मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचली, आणि मग झोप लागली नाही. आपली एसटी. तेव्हा पंधरा हजारांहून जास्त गाड्या. प्रत्येक आगारात कुठल्या चालकाने किती डिझेलात किती किलोमीटर काढले याचा हिशेब लिहिला जातो. डिझेल हा महामंडळाच्या गळ्याचा फास. लिटरला एक मिली टाकून पंधरा टक्के वाचत असते, तर ही बाटली मंगल कार्यालयात जोडप्यांना बोलावून कशाला विकावी लागली असती?

कार्यक्रम दीड तासाचा होता. वाट्या आणि बशा दहा मिनिटांत आटोपल्या. उरलेला सव्वा तास 'प्लॅन' दाखवण्यात गेला. आपल्या खाली डावीकडे माणसं लावायची, उजवीकडे लावायची, म्हणजे डावा पाय, उजवा पाय. जोडी जुळली की चेक, मग सिल्व्हर, गोल्ड, डायमंड. डिझेल हा शब्द त्या सव्वा तासात पुन्हा आला नाही. मला तेव्हा दाजींना विचारायचं होतं, की दाजी, ज्याने जॉइनिंग केलेलं नाही अशा एकाही माणसाने, किराणा दुकानात साबण घ्यावा तशी, ही बाटली विकत घेतलीय का? विचारलं नाही. ते मोटारसायकल चालवत होते आणि फार दिवसांनी त्यांच्या आवाजात उमेद होती.

पुढे मी या विषयाच्या मागेच लागलो. अमेरिकेत टेक्सासमध्ये २००६ साली तिथल्या ॲटर्नी जनरलने बायोपरफॉर्मन्स नावाच्या कंपनीवर दावा लावला. तीही साखळीने माल विकायची. माल म्हणजे टाकीत टाकायची गोळी, जिने गाडी जास्त पळते असं सांगायचे. तपासणीत ती गोळी मुख्यतः नॅप्थलीन निघाली. नॅप्थलीन म्हणजे काय, हे वाचताना मी उठून कपाटाचा कप्पा उघडला. आईच्या पैठणीच्या घडीत दोन पांढऱ्या डांबरगोळ्या होत्या. कसर लागू नये म्हणून ठेवतात त्याच. लोकांनी भावाला, मेहुण्याला, चर्चमधल्या शेजाऱ्याला विकली ती हीच वस्तू. ऑस्ट्रेलियात फायरपॉवर नावाच्या कंपनीने असल्याच गोळीच्या नावावर लोकांकडून कोट्यवधी डॉलर गोळा केले, बास्केटबॉलचा संघ विकत घेतला, आणि २००८ मध्ये सगळं कोसळलं.

आपल्याकडे आठवत असेल, १९९६ च्या सुमाराला तमिळनाडूतल्या रामर पिल्लै यांनी पाला उकळून पेट्रोल बनवतो म्हणून देशभर खळबळ उडवली होती. आमच्या शाळेत तो पेपरचा कागद फळ्याशेजारी चिकटवला होता. त्या 'वनौषधी पेट्रोल'ची पुढे विक्रीही झाली. सीबीआयने खटला भरला, आणि निकाल लागायला २०१६ उजाडलं. तीन वर्षांची शिक्षा झाली. पाल्याचं पेट्रोल म्हणून विकलेलं ते साध्या पेट्रोलजन्य द्रव्यांचं मिश्रण होतं. फळ्याशेजारचा कागद मात्र कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

इंधनात काही मिसळून उपयोग होतच नाही, असं मी म्हणत नाही. पंपावरच्या महागड्या पेट्रोलमध्ये इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी द्रव्यं असतात आणि ती आपलं काम करतात. इंजिनात ठकठक ('नॉकिंग') होऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती १९२१ साली अमेरिकेत सापडली, तिनेही काम केलं. पण त्या शिशाने कित्येक पिढ्यांच्या मुलांचा मेंदू पोखरला, आणि ते आपल्या पेट्रोलमधून पुरतं जायला २००० साल यावं लागलं. काम करणारी गोष्ट असते तिच्यामागे मोजमाप असतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९७० च्या दशकापासून अशी शंभरावर उपकरणं आणि द्रव्यं तपासली. मोजक्यांचा अगदी किरकोळ फायदा दिसला, बाकीच्यांचा काहीच नाही, काहींनी तर धूर वाढवला.

हे सगळं मला कळलं होतं. पण दाजींना टेक्सासचं काय सांगणार? "तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं" एवढंच त्यातून त्यांना ऐकू आलं असतं. आणि ज्यांनी माझी फी भरली त्यांना मी हे ऐकवू?

वाट दाखवली अण्णांच्या वहीने.

अण्णा रोज वही लिहायचे. लाल पुठ्ठ्याची, लांबट, किराणा दुकानातली खतावणी. तारीख, मीटर, लिटर, रुपये, आणि शेवटच्या रकान्यात ॲव्हरेज. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. मी एका रविवारी मागची दोन वर्षं चाळली. बाटली नव्हती तेव्हाही आकडा ११.४ ते १३.२ असा खालीवर होत होता. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे गाडी रांगते, आकडा पडतो. उन्हाळ्यात दूध आटतं, कॅन हलके, आकडा चढतो. पंपावरच्या पोऱ्याने नळी कट झाल्यावर आणखी अर्धा लिटर रेटून भरलं की एका टाकीचा आकडा पडतो आणि पुढच्या टाकीचा उगाच चढतो. काहीही न टाकता पंधरा टक्के वाढ त्या वहीत दर वर्षी दोन-तीनदा होऊन गेलेली होती. बाटली त्या दिवसांत टाकली असती, तर अण्णांनीच शपथ घेतली असती.

मी ताईला फोन केला. ताईला हिशेब कळतो, आणि तिला तो खोका घरात आल्यापासून झोप नव्हती, हे मला नंतर समजलं. ठरलं ते असं. एकसारख्या दोन तपकिरी बाटल्या. एकीत ते द्रव, दुसरीत नुसतं डिझेल, वर नंबर नाही, काही नाही. दहा चिठ्ठ्या, पाच 'आहे', पाच 'नाही'. ताईचा मुलगा चिठ्ठी काढणार, ताई औषधाच्या टोपणाने लिटरला एक मिली मोजून टाकणार आणि चिठ्ठी डब्यात ठेवणार. एका चिठ्ठीच्या सलग दोन टाक्या, त्यातली पहिली हिशेबात धरायची नाही, कारण टाकीच्या तळाला आधीचं डिझेल राहिलेलं असतं. कुठल्या टाकीत काय घातलं ते अण्णांना सांगायचं नाही. त्यांनी नेहमीसारखी गाडी चालवायची आणि नेहमीसारखी वही लिहायची. दाजींना सगळं सांगितलं. ते लगेच तयार झाले. त्यांना मनापासून खात्री होती, आणि ते खोटं विकत नव्हते, हे मला इथे ठासून लिहायचं आहे.

दोन महिने चाललं ते. मध्ये ऊसदराच्या आंदोलनात रस्ते अडले, दोन दिवस गाडी उभी राहिली. अण्णा अधूनमधून म्हणायचे, "आज गाडी मोकळी पळाली बघ. आज घातलेलं असणार."

संक्रांतीला आम्ही ताईकडे जमलो. तिळगूळ झाला. ताईने डबा आणला आणि चिठ्ठ्या क्रमाने वहीवर मांडल्या. 'आहे'च्या पाच टाक्यांची सरासरी १२.३. 'नाही'च्या पाच टाक्यांची १२.४. अण्णांना गाडी मोकळी वाटली होती ती दोनदा, त्यातल्या एकदा बाटलीत नुसतं डिझेल होतं.

दाजींनी चष्मा काढून पुसला. बेरीज स्वतः पुन्हा केली. खूप वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, "मग माझी मोटारसायकल पंचावन्नची पासष्टला कशी गेली?"

प्रश्न खरा होता. मी खोक्यातलं माहितीपत्रक काढलं. बाटली वापरण्याआधी करायच्या गोष्टी त्यावर छापलेल्या होत्या. एअर फिल्टर साफ करा, टायरमधली हवा तपासा, गाडी पन्नासच्या आत चालवा, सिग्नलला इंजिन बंद करा. दाजींनी शिस्तीच्या माणसासारखं हे सगळं केलं होतं. तेलबचतीचं काम करणारी सरकारी संस्था, पीसीआरए, हेच सगळं १९७० च्या दशकापासून फुकट सांगत आली आहे. दहा किलोमीटर वाढले होते ते दाजींच्याच हातांनी आणि पायांनी, आणि श्रेय बाटलीला गेलं होतं.

मग मी खर्चाचा आकडा मांडला. पन्नास लिटर डिझेल तीन हजारांचं, बाटली ३६० ची, म्हणजे बारा टक्के. कंपनीचा पंधराचा दावा शंभर टक्के खरा धरला तरी बाटलीचा खर्च वजा जाता पन्नास लिटरमागे वाचणार नव्वद रुपये. "एवढं साधं मी कसं केलं नाही," दाजी म्हणाले. गिरणीत सतरा वर्षं सुताच्या नंबराचा हिशेब ज्यांच्या हातात होता, ते हे म्हणत होते. त्यांना हिशेब येत नव्हता असं कसं म्हणू? त्यांनाही ती बाटली कुणीतरी आपल्याच माणसाने दिली होती, गिरणीतल्या जुन्या मुकादमाने, ज्याच्यासमोर हिशेब मांडणं म्हणजे त्याच्यावर शंका घेणं झालं असतं.

भीड ही भिकेची बहीण, असं आजी म्हणायची. या धंद्याने ती म्हण पाठ केलेली आहे. दुकानदाराला आपण दहा प्रश्न विचारतो, पावती मागतो, परत आणून आपटतो. तीच वस्तू मेहुण्याच्या हातून आली की तोंड शिवलं जातं. म्हणून ती दुकानात ठेवतच नाहीत. पैशांची अशी फिरवाफिरवी करणाऱ्या साखळ्यांवर आपल्याकडे १९७८ पासून बंदीचा कायदा आहे, २०२१ च्या डिसेंबरात थेट विक्रीचे नियमही आले आणि त्यांत पिरॅमिड योजनांना साफ मनाई आहे. पण तक्रार करायची कुणाविरुद्ध? ज्याच्या हातून बाटली घेतली, तो मंगळवारी आपल्याकडे जेवायला असतो.

सध्या माझ्या फोनवर पुन्हा तेच येऊ लागलं आहे, आता इथेनॉलच्या नावाने. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणून जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज काहीसं घटणार, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलेलं आहे. चारचाकीसाठी सहा ते सात टक्के, दुचाकीसाठी तीन ते चार. लोकांची तक्रार खरी आहे. पण कमी पडलेली ऊर्जा चार थेंबांतून परत येत नाही. मी पुण्यात राहतो, सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो. तिथे १९६६ पासूनची एआरएआय संस्था आहे, गाड्यांचं ॲव्हरेज रोलरवर चढवून, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या तापमानात मोजणारी. तिच्या भिंतीजवळून जाताना मला दर वेळी ताईचा चिठ्ठ्यांचा डबा आठवतो. तिथे करतात तेच तिने औषधाच्या टोपणाने केलं होतं.

दाजींचं सांगायचं राहिलं. त्यांच्या खाली चौदा माणसं लागलेली होती. कंपनीने पैसे परत करायला नकार दिला, माल घेतला म्हणजे व्यवहार संपला म्हणे. दाजींनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. आम्ही सगळ्यांनी अडवलं. अण्णांनी स्वतःचे पैसे घ्यायला साफ नकार दिला, तेव्हा दाजींनी ते ताईच्या हातून आईच्या डब्यात ठेवून दिले. उरलेल्या तेरा घरी ते स्वतः गेले, एकेका रविवारी एकेका घरी. दोन-तीनदा मीही बरोबर होतो.

एका घरी गिरणीतलाच त्यांचा जुना सोबती होता. कांडी खात्यात शेजारी शेजारी उभे राहून काम केलेला. तो पैसे घेईना. "तुम्ही कुठं विकली दाजी, मीच घेतली. तुमच्याकडे बघून घेतली."

दाजी म्हणाले, "म्हणूनच आलोय."

त्याच्या बायकोने चहा ठेवला. चहा होऊन कप रिकामे होईपर्यंत दाजी कट्ट्यावरून हलले नाहीत. मग नोटा मोजून त्याच्या मुठीत दिल्या, खिशातून छोटी वही काढली, आणि त्याच्या नावासमोर बरोबरची खूण केली.